घटक ५ : खर्ची पडलेली माणसे – अद्भुत-ऐतिहासिक कादंबरीतील सामान्य सैनिक

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला –

• सामान्य सैनिकाविषयीची मराठी भाषेतील शब्दकळा व तिच्यामागील दृष्टी स्पष्ट करता येईल.
• वीरगळ, बखर व पोवाडा यांत सामान्य सैनिकाची नोंद कशी झाली, याची तुलना करता येईल.
• 'अद्भुताचा मितव्यय' ही संकल्पना सोदाहरण मांडता येईल.
• परिसरातील ऐतिहासिक स्थळाच्या आधारे सामान्य सैनिक केंद्रस्थानी असलेल्या कथेचा आराखडा तयार करता येईल.

५.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला. ही वार्ता नानासाहेब पेशव्यांना एका सावकारी पत्रातून कळली, असे इतिहासकार सांगतात. पत्र सांकेतिक होते. दोन मोती नाहीसे झाले, सत्तावीस मोहरा हरवल्या आणि रुपये व खुर्दा किती गेला त्याची मोजदाद नाही, असा त्याचा आशय होता. दोन मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ व विश्वासराव, आणि मोहरा म्हणजे नामांकित सरदार, असा अर्थ त्यातून घेतला जातो. हा मजकूर आपण शालेय पुस्तकांपासून ऐकत आलो आहोत. वाचताना आपले लक्ष मोत्यांवर व मोहरांवर थांबते. या घटकात आपण त्या वाक्याच्या शेवटच्या भागाकडे, म्हणजे खुर्द्याकडे पाहणार आहोत.

हा खुर्दा कोणाच्या घरचा होता? पानिपताच्या आधी वर्षभर, फेब्रुवारी १७६० मध्ये, सदाशिवरावभाऊंनी उदगीर येथे निजामाचा पराभव केला होता. तेथून परतताच त्यांनी उत्तरेची वाट धरली. हे उदगीर १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात होते. पानिपतची कथा दूरच्या मैदानावरची असली तरी तिची एक पायवाट आपल्याच शिवारातून गेलेली आहे.

मध्ययुगीन वातावरणाची साहसकथा लिहिताना किंवा वाचताना राजा, सेनापती व अजिंक्य योद्धा यांच्याकडे आपले लक्ष सहज जाते. ज्यांचे मरण गृहीत धरूनच मोहीम आखली जाते, त्या माणसांची साहसकथा कशी लिहायची, हा या घटकाचा मुख्य प्रश्न आहे.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ भाषेने ठेवलेला हिशेब

साहित्यापूर्वी भाषा असते. एखाद्या समाजाने सामान्य सैनिकाकडे कसे पाहिले, हे त्याच्या वाक्प्रचारांतून कळते. पुढील शब्दप्रयोग पाहा.

'कामास येणे' किंवा 'कामी येणे' याचा आजचा अर्थ उपयोगी पडणे. जुन्या मराठी कागदपत्रांत मात्र अमुक इतके लोक कामास आले, याचा अर्थ तितके लोक लढाईत मारले गेले असा होतो. म्हणजे माणसाचे मरण हाच त्याचा उपयोग. 'खर्ची पडणे' हा प्रयोगही असाच आहे. दाणा-वैरण, दारूगोळा आणि माणसे एकाच क्रियापदाने खर्ची पडतात. येथे माणूस हिशेबाच्या वहीतील खर्चाच्या बाजूला मांडला गेला आहे.

'खोगीरभरती' म्हणजे मुळात घोड्याच्या खोगिरात भरायचा चिंध्या-कापसाचा ऐवज. तोच शब्द पुढे संख्या वाढवण्यासाठी घेतलेल्या निरुपयोगी माणसांना लावला गेला. 'बाजारबुणगे' हा शब्द आज शिवीसारखा वापरला जातो. परंतु बुणगे म्हणजे सैन्याबरोबर चालणारी बिनलढाऊ माणसे : व्यापारी, मोलकरी, घासकापे, हमाल, बायका-मुले. त्यांच्यावाचून सैन्याला एक मुक्कामही पुढे सरकता आले नसते. 'बिनीचा शिलेदार' हा शब्द मात्र गौरवाचा ठरला, कारण बिनी म्हणजे फौजेची आघाडी. आघाडीच्या माणसाला भाषेने मान दिला, पिछाडीच्या माणसाला हिणवले.

आणखी एक उदाहरण परांड्याचे आहे. 'मुलूखमैदान' ही प्रसिद्ध तोफ १५४९ मध्ये अहमदनगर येथे ओतली गेली. ती काही काळ परांड्याच्या किल्ल्यावर होती व १६३२ मध्ये विजापूरला नेण्यात आली. तोफेला नाव आहे. ती ओतणाऱ्या कारागिराचे, मुहंमद बिन हुसेन रूमी याचे, नावही तिच्यावर कोरलेले आहे. कडाडून बोलणाऱ्या वक्त्याला आपण आजही मुलूखमैदान तोफ म्हणतो. परांड्यापासून विजापूरपर्यंत ती ओढणाऱ्या माणसांसाठी मात्र भाषेत एकही नाव उरलेले नाही.

*स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १*
(अ) जुन्या कागदपत्रांत 'कामास येणे' याचा अर्थ काय होतो?
(आ) 'बुणगे' या संज्ञेत कोणकोणते लोक येत?

५.२.२ वीरगळ, बखर आणि पोवाडा

सामान्य योद्ध्याची नोंद महाराष्ट्रात तीन ठिकाणी प्रामुख्याने सापडते. या तिन्ही नोंदींची रीत वेगळी आहे.

*वीरगळ.* गावाच्या वेशीजवळ किंवा जुन्या मंदिराच्या आवारात उभी शिळा असते. तिच्यावर बहुधा खालून वर वाचायचे कप्पे असतात. तळाच्या कप्प्यात लढाई किंवा पडलेला वीर, मधल्या कप्प्यात त्याला स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा, वरच्या कप्प्यात शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य असेपर्यंत ही कीर्ती राहील, असा त्याचा संकेत. अनेक वीरगळांवर गाईंचे शिल्प असते. गावाचे गोधन पळवणाऱ्यांशी लढताना हा माणूस मेला, एवढे ते चित्र सांगते. राज्य वाचवण्यासाठी नव्हे, दावणीच्या गाईंसाठी. महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळांवर लेख नाही. शिल्पकाराने मरणाचे कारण कोरले, मरणानंतरची गती कोरली. नाव मात्र गावाला ठाऊकच आहे असे धरून सोडून दिले. गाव विसरले, आणि शिळा निनावी झाली.

*बखर.* कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या काळात जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत शिवाजी महाराजांच्या सैन्याची रचना दिलेली आहे. पायदळात दहा माणसांमागे एक नाईक, पाच नाइकांवर एक हवालदार, दोन-तीन हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमलेदारांवर एक हजारी. घोडदळात पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. पाणी वाहणारा आणि घोड्याला नाल ठोकणारा ही माणसे या रचनेत मोजलेली आहेत, हे विशेष. अफझलखानाच्या प्रसंगानंतरची नोंद त्याहून महत्त्वाची आहे. पडलेल्यांच्या मुलांना चाकरीत घेतले, ज्यांना मूल नव्हते त्यांच्या बायकांना निम्मे वेतन बांधून दिले आणि जखमींना जखम पाहून पंचवीस ते दोनशे होन दिले, असे सभासद सांगतो. येथेही नावे नाहीत. पण माणूस खर्ची पडला की त्याचा हिशेब संपला, असे ही बखर मानत नाही. त्याच्यामागे कोण उरले, हे ती विचारते.

*पोवाडा.* तानाजी मालुसऱ्यावरील तुळशीदासाच्या पोवाड्यात तानाजी, सूर्याजी, शेलारमामा अशी माणसे जिवंत होऊन बोलतात. बाकीचे मावळे संख्येच्या रूपात येतात. १६७४ मध्ये नेसरीजवळ प्रतापराव गुजर व त्यांचे सहा सोबती पडले. लोकस्मृतीत सात हा आकडा अढळ राहिला. सर्वांच्या तोंडी नाव राहिले ते एकाचे. पोवाडा हा सभेत गायचा प्रकार आहे. श्रोत्यांना एक चेहरा हवा असतो, आणि शाहीर तो देतो. इतरांचा समूह होतो.

याखेरीज चौथी एक नोंद आहे, ती राज्यकारभाराची. मोगल सैन्यात 'दाग' व 'चेहरा' ही पद्धत होती. घोड्यावर डाग द्यायचा आणि स्वाराच्या चेहऱ्याचे वर्णन कागदावर उतरवून ठेवायचे. हजेरीच्या वेळी भाड्याची माणसे व उसनी घोडी उभी करून पगार उकळला जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. सामान्य सैनिकाचा चेहरा कागदावर आला तो अशा प्रकारे. स्मरणासाठी नव्हे, फसवणूक टाळण्यासाठी. कादंबरीकाराला मात्र अशा रुक्ष नोंदीतही खाद्य मिळू शकते.

५.२.३ कादंबरी : नायकाकडून पथकाकडे

मराठी कादंबरीच्या आरंभकाळात 'मुक्तामाला' (१८६१) व 'मंजुघोषा' यांसारख्या अद्भुतरम्य कृती लोकप्रिय झाल्या. राजपुत्र, रूपवती नायिका, खलपुरुष, योगायोग आणि शेवटी सुखद मीलन हे त्यांचे जग. १८७१ च्या 'मोचनगड'पासून ऐतिहासिक कादंबरीची वाट सुरू झाली आणि हरी नारायण आपटे यांनी ती प्रशस्त केली. पुढे रणजित देसाई यांच्या 'स्वामी'ने (१९६२) ऐतिहासिक व्यक्तीच्या अंतरंगाचे चित्रण वाचकप्रिय केले. विश्वास पाटील यांच्या 'पानिपत'मध्ये (१९८८) मोहिमेचा व्याप, छावणी आणि उपासमार यांना मोठी जागा मिळाली.

या प्रवासात एक गोष्ट ध्यानात येते. अद्भुतरम्य कादंबरीने मध्ययुग घेतले पण सामान्य सैनिक घेतला नाही. ऐतिहासिक कादंबरीने सैनिक घेतला, पण बहुतेक वेळा नायकाच्या भोवतीची गर्दी म्हणून. सैनिकाच्या नजरेतून दिसणारे काल्पनिक मध्ययुग हा प्रांत मराठीत अजून पुष्कळसा मोकळा आहे.

इतर भाषांत या प्रांतात काम झाले आहे. अमेरिकन लेखक ग्लेन कुक यांची 'द ब्लॅक कंपनी' (१९८४) ही कादंबरी भाडोत्री पथकाविषयी आहे. तिचा निवेदक पथकाचा वैद्य असून तोच पथकाची बखर लिहितो. सैनिक खऱ्या नावांनी नव्हे, टोपणनावांनी ओळखले जातात. त्या जगात जादूगार आहेत. पण मोठे सामर्थ्य धन्यांच्या हाती आहे, आणि सैनिक ते खालून पाहतो. हे उदाहरण आपण अनुकरणासाठी घेत नाही. त्यातून दिसणारे एक तत्त्व महत्त्वाचे आहे : कथा कोणाच्या उंचीवरून दिसते, यावर तिचे मूल्य ठरते. टेकडीवरून लढाई दिसते. खंदकातून शेजारच्या माणसाचे पाय दिसतात.

*स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २*
(अ) 'दाग' व 'चेहरा' या पद्धतीचा हेतू कोणता होता?
(आ) अद्भुतरम्य व ऐतिहासिक कादंबरीतील सामान्य सैनिकाच्या स्थानात कोणता फरक दिसतो?

५.२.४ अद्भुताचा मितव्यय

अद्भुत हा आपल्या काव्यशास्त्रातील नऊ रसांपैकी एक. विस्मय हा त्याचा स्थायीभाव. मग सामान्य सैनिकाच्या कथेत अद्भुताला जागा किती असावी?

प्रथम हे समजून घेऊ की मध्ययुगातील माणसाच्या जगात अद्भुत नव्हते, असे म्हणणे खोटे ठरेल. शकुन, कौल, अंगारा, ताईत, नवस यांवाचून तो घराबाहेर पडत नसे. ते सर्व वगळले तर मध्ययुगाच्या वेषातील आजचा माणूस उरेल. उलट, मंत्राने जखम भरते, मेलेला उठतो, देवता येऊन शत्रूचा नाश करते असे दाखवले, तर सैनिकाच्या मरणाला अर्थ राहत नाही. कारण जे परत मिळू शकते ते गेले असे कोणी मानत नाही. कथेत अद्भुत जितके स्वस्त, तितका सैनिकही स्वस्त. म्हणून अद्भुत असावे, पण ते हात आखडून वापरावे. यालाच आपण या घटकात 'अद्भुताचा मितव्यय' म्हणू.

याचा उत्तम नमुना आपल्या परंपरेतच आहे. अफझलखानाच्या स्वारीचा प्रसंग सभासद सांगतो. या स्वारीच्या मार्गातील तुळजापूर धाराशिव जिल्ह्यातच आहे. भेटीपूर्वी भवानी शिवाजी महाराजांना अभय देते, असा भाग बखरीत येतो. पण देवी स्वतः तलवार चालवत नाही. जागा हेरणे, रान मोकळे करणे, चिलखत घालणे, माणसे दबा धरून बसवणे, हे सर्व माणसांनाच करावे लागते. देवी धीर देते. लढाई मात्र माणसाला चुकत नाही. बखरीतील अद्भुत संपूर्ण श्रद्धेचे असूनही मितव्ययी आहे. वीरगळाची मांडणीही अशीच आहे. अप्सरा येतात, पण माणूस मेल्यानंतर. तळाच्या कप्प्यात त्यांचा शिरकाव नाही.

५.२.५ परांड्याचा वेढा : एक कथाबीज

आता ही तत्त्वे एका स्थळावर लावून पाहू. धाराशिव जिल्ह्यातील परांडा व नळदुर्ग हे दोन भुईकोट किल्ले दख्खनच्या सत्तासंघर्षात अनेकदा हात बदलत राहिले. नळदुर्गात बोरी नदी अडवून बांधलेला पाणीमहाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातील आहे. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती गेल्यावर मलिक अंबराने निजामशाही टिकवून धरली, तेव्हा काही काळ परांडा हे राजधानीचे ठिकाण होते.

१६३४ मध्ये शाहजादा शुजा व महाबतखान यांनी परांड्याला वेढा घातला. किल्ला आदिलशाहीकडे होता. त्याआधी १६३० ते १६३२ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडून गेला होता. वेढा घालणाऱ्यांना चारा व सरपण दूरवरून आणावे लागे, आणि त्यासाठी बाहेर पडलेल्या तुकड्यांवर विरोधी स्वार तुटून पडत. अखेर पावसाळ्यापूर्वी वेढा उठवून मोगल सैन्य बऱ्हाणपूरकडे परतले. इतिहासाच्या पुस्तकात हा फसलेला वेढा दोन-चार ओळींत संपतो.

आपल्या कथेला लागणारे द्रव्य त्या दोन-चार ओळींतच आहे. चारा आणायला जाणाऱ्या तुकडीला जुन्या मराठीत 'कही' म्हणत. घोड्यांना गवत हवे म्हणून माणसे पाठवायची आणि त्यांतली काही परत येणार नाहीत हे धरून चालायचे, असा तो व्यवहार. मोगलांच्या चाकरीतही मराठी सरदार व त्यांची पथके होती. अशा एका पथकातील नाईक व त्याची नऊ माणसे कल्पून पुढील नमुना उतारा या घटकासाठी तयार केला आहे. तो काल्पनिक आहे.

> कहीवरून परत येताना नाइकाने माणसे मोजली नाहीत. मोजायचे काम भाकरीचे होते. म्हातारीने दहा थापल्या आणि दोन उरल्या.
>
> 'आठच का?' तिने विचारले.
>
> 'एकाला सीनेच्या काठी भाला लागला. दुसरा येईल.'
>
> दुसरा आला नाही. पहाटे पखालजीला तो ओढ्याच्या कोरड्या पात्रात सापडला. अंगावर घाव नव्हता. डोक्यावर गवताचा भारा तसाच होता. भाऱ्याखालीच तो बसला होता आणि बसल्या बसल्या गेला होता. गळ्यात ताईत होता. लोखंडाने मरण नाही, असे तो ताईत देणाऱ्याने सांगितले होते आणि त्याने ते साऱ्या पथकाला शंभरदा ऐकवले होते.
>
> 'म्हणजे खरा निघाला ताईत,' कोणीतरी म्हणाले. कोणी हसले नाही.
>
> नाइकाने दोरा कापला. ताईत मुठीत धरून तो थोडा वेळ उभा राहिला. आठ जण त्याच्या मुठीकडे पाहत होते. मग त्याने तो सर्वांत लहान पोराच्या हातात ठेवला.
>
> 'तहानेवर चालत नाही हा,' तो म्हणाला. 'पाणी पिऊन जात जा.'
>
> भारा घोड्यांपुढे टाकला. कारकुनाने वहीत लिहिले : गवत, भारे नऊ. त्या संध्याकाळी म्हातारीने पुन्हा दहाच थापल्या.

या उताऱ्यात काय साधले आहे, ते पाहू.

*एक,* नोंदीचा विरोध. कारकुनाच्या वहीत गवत मोजले जाते, माणूस नाही. माणसाची मोजणी भाकरीने होते. दोन हिशेब समोरासमोर ठेवले आहेत. त्यांवर लेखकाने भाष्य केलेले नाही.

*दोन,* अद्भुताचा मितव्यय. ताईत खोटा ठरत नाही, खराही ठरत नाही. त्याचे वचन शब्दशः पाळले जाते आणि माणूस तरीही मरतो. श्रद्धेची थट्टा न करता तिची मर्यादा दाखवली आहे. नाइकाने ताईत फेकून दिला नाही आणि त्याच्यावर विसंबूनही राहिला नाही.

*तीन,* साहसाचे स्वरूप. येथे किल्ल्याच्या तटावर चढाई नाही. गवताचा भारा छावणीत पोहोचवणे एवढेच साहस. तरीही त्यासाठी दोन जीव गेले आहेत. वीरगळावरील गाईंची येथे आठवण व्हावी.

*चार,* निनावीपणाचा उपयोग. कोणालाही नाव दिलेले नाही. पण प्रत्येकाला काम दिले आहे. पखालजी, म्हातारी, लहान पोर, कारकून. नाव नसले तरी माणूस वेगळा ओळखता येतो. ज्या कृतीत नाव आहे पण वेगळेपण नाही, तेथे नावाचा उपयोग होत नाही.

५.२.६ दोन धोके

सामान्य सैनिकाविषयी लिहिताना दोन चुका वारंवार होतात.

पहिली चूक म्हणजे चिखल, रक्त व शिव्या यांनाच वास्तव समजणे. पानापानांवर माणसे कापली जातात आणि वाचक काही वेळाने निर्विकार होतो. मग लेखकही सावकारी पत्रातील खुर्द्याचीच भाषा बोलू लागतो : किती गेले त्याची मोजदाद नाही. क्रौर्य दाखवूनही त्याने सैनिकाला पुन्हा संख्येत ढकललेले असते.

दुसरी चूक म्हणजे सैनिकाला निव्वळ बिचारा करून टाकणे. तो कोणत्या ओढीने रणात गेला, हे मग विचारलेच जात नाही. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघायचे आणि पावसाळ्याच्या तोंडाशी छावणीला किंवा घरी परतायचे, हा त्या काळच्या फौजांचा परिपाठ शेतीच्या वर्षाशी जुळणारा होता. स्वतःचा घोडा असलेला शिलेदार व सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर यांच्या मानात व भीतीत फरक होता. शिलेदाराचा घोडा पडला तर त्याची पुंजीच गेली. थकलेल्या तलबेचा तगादा, लुटीतील वाट्याची आशा, वतनाची हाव, सोबत्यांपुढे पाय मागे न घेण्याची लाज, या सर्वांतून तो घडतो. तो लूटही करतो. ज्या गावातून फौज जाते त्या गावाचा दाणा-चारा तोच उचलतो, आणि ते गावही त्याच्याच घरासारख्या घरांचे असते. हा अंतर्विरोध टाळला तर सैनिकाचे देवत्व किंवा दैन्य उरते, माणूस उरत नाही.

हा प्रश्न केवळ लेखनतंत्राचा नाही. आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज मोत्यांत व मोहरांत नव्हते. ते रुपयांत व खुर्द्यात होते. इतिहासाच्या वाचनात आपण सवयीने राजाच्या जागी स्वतःला ठेवतो. ती जागा सोडून गवताचा भारा वाहणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहणे, हा या घटकाने सुचवलेला बदल आहे. आजही दुष्काळ, स्थलांतर किंवा रोजगार यांचे आकडे वाचताना त्याचा उपयोग होईल.

*स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – ३*
(अ) 'कही' म्हणजे काय?
(आ) नमुना उताऱ्यात माणसांची मोजणी कशाने होते व वहीत कशाची नोंद होते?

५.३ सारांश

'कामास येणे', 'खर्ची पडणे', 'खोगीरभरती', 'बाजारबुणगे' या शब्दप्रयोगांत सामान्य सैनिक व त्याच्या सोबतचे लोक यांकडे पाहण्याची एक दृष्टी साठलेली आहे. वीरगळाने मरणाचे कारण नोंदवले, पोवाड्याने समूहातून एक चेहरा वर काढला, सभासदाच्या बखरीने मागे उरलेल्यांची दखल घेतली, तर राज्यकारभाराने हजेरीपुरता चेहरा टिपला. मराठी अद्भुतरम्य व ऐतिहासिक कादंबरीत सैनिकाच्या नजरेतून दिसणाऱ्या काल्पनिक मध्ययुगाला अजून पुष्कळ वाव आहे. अशा लेखनात अद्भुताचा मितव्यय आवश्यक ठरतो, कारण अद्भुत स्वस्त झाले की मरणही स्वस्त होते. ज्यांची मोजदाद झाली नाही, त्यांना एकेक करून मोजणे हे या कथेचे मुख्य काम आहे.

५.४ पारिभाषिक व कठीण शब्द

*खुर्दा* – सुटी नाणी, चिल्लर. 'खुर्दा उडवणे' म्हणजे दाणादाण करणे.
*बारगीर* – सरकारी घोडा व शस्त्र घेऊन चाकरी करणारा स्वार.
*शिलेदार* – स्वतःचा घोडा व शस्त्र असलेला स्वार.
*पखालजी* – कातडी पखालीतून पाणी वाहणारा.
*नालबंद* – घोड्याला नाल ठोकणारा.
*तलब* – पगार, वेतन.
*कही* – सैन्यासाठी चारा आणणारी तुकडी.
*भुईकोट* – सपाट जमिनीवरील किल्ला.

५.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

*प्रश्न १ :* (अ) लढाईत मारले जाणे. (आ) व्यापारी, मोलकरी, घासकापे, हमाल, बायका-मुले इत्यादी बिनलढाऊ लोक.

*प्रश्न २ :* (अ) भाड्याची माणसे व उसनी घोडी दाखवून पगार उकळला जाऊ नये, हा हेतू. (आ) अद्भुतरम्य कादंबरीने सामान्य सैनिक घेतलाच नाही. ऐतिहासिक कादंबरीने तो बहुतेक वेळा नायकाभोवतीची गर्दी म्हणून घेतला.

*प्रश्न ३ :* (अ) सैन्यासाठी चारा आणायला जाणारी तुकडी. (आ) माणसांची मोजणी भाकरीने होते. वहीत गवताच्या भाऱ्यांची नोंद होते.

५.६ स्वाध्याय व उपक्रम

(अ) दीर्घोत्तरी प्रश्न
१. वीरगळ, बखर व पोवाडा यांतील सामान्य सैनिकाच्या नोंदींची तुलना करा.
२. 'कथेत अद्भुत जितके स्वस्त, तितका सैनिकही स्वस्त' या विधानाची सोदाहरण चर्चा करा.

(आ) टीपा लिहा
१. 'खर्ची पडणे' व 'कामास येणे'
२. सामान्य सैनिकाच्या चित्रणातील दोन धोके

(इ) उपक्रम
१. आपल्या किंवा शेजारच्या गावात वीरगळ असल्यास तो पाहा. प्रत्येक कप्प्यातील शिल्पाचे वर्णन खालून वर या क्रमाने लिहा. गावातील वृद्धांना त्याविषयी काय ठाऊक आहे, ते विचारून नोंदवा. शिळेला तेल किंवा रंग लावू नका व ती हलवू नका.
२. परांडा, नळदुर्ग किंवा आपल्या जवळच्या किल्ल्यावर जाऊन पाणी, दाणा व चारा कोठून येत असेल याचा विचार करा. त्यांपैकी एक वस्तू वाहून आणणाऱ्या माणसाच्या एका दिवसाची कथा ४०० शब्दांत लिहा. अद्भुताचा वापर एकदाच करा, आणि त्याने कोणाचाही जीव वाचू देऊ नका.